अब्रूची भीती आणि गांजाची पुडी

आपल्या घरात साप निघाला तर आपण आरडाओरड करून आळीतील चार माणसे गोळा करितो. आपल्या मुलाच्या दप्तरात गांजाची पुडी निघाली तर मात्र आपण प्रथम दारे-खिडक्या लावून घेतो. दोन्ही प्रसंगी घरात विष शिरलेले असते. परंतु पहिल्या विषाची आपणास लाज वाटत नाही, दुसऱ्याची वाटते. ह्या लाजेविषयी चार शब्द लिहावे असे गेली कित्येक वर्षे माझ्या मनात होते. यंदा अमली पदार्थांच्या विषयावर लेख लिहिण्याची सूचना झाली, तेव्हा ती संधी साधतो. विद्यार्थिमित्रांनी हा लेख वाचावाच. पण वाचून झाल्यावर अंक आईवडिलांच्या हाती द्यावा, कारण ह्यातील अर्धाअधिक भाग त्यांच्यासाठी आहे.

कित्येकांस वाटते की, हा सारा मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांचा उद्योग आहे. आपल्या नगर जिल्ह्याचा, सांप्रत ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या आपल्या जिल्ह्याचा, त्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली भांग, गांजा व चरस ह्यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. मुंबई इलाख्यात ज्या मोजक्या जिल्ह्यांत त्या काळी गांजाचे पीक काढले जाई, त्यांत आपला नगर जिल्हा होता. सरकार परवाने देई आणि कर घेई. त्याच साली अफूसाठीही निराळा शाही आयोग बसला. कारण माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला पाठविण्याच्या व्यापाराविरुद्ध इंग्लंडात व येथे पुष्कळ लोकांनी, त्यांत मिशनरी मंडळींनीही, आवाज उठविला होता. दोन्ही आयोगांनी अखेर असाच निर्वाळा दिला की, संपूर्ण बंदी घालण्याचे कारण नाही. खजिन्यात पैसा येत असता विष फारसे कडू लागत नाही, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

स्वतंत्र भारताने आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात औषधाव्यतिरिक्त मादक पेये व आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये ह्यांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य म्हणून नमूद केले. तथापि अमली द्रव्यांविषयीचा एकत्रित व कडक कायदा व्हावयास १९८५ साल उजाडावे लागले. हा कायदा त्या वर्षी १४ नोव्हेंबर रोजी, म्हणजे योगायोगाने बालदिनी, अमलात आला. आणि त्याच्याच आधारे १७ मार्च १९८६ रोजी अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरो स्थापन झाला. वर्तमानपत्रांत ज्यास 'एन.सी.बी.' म्हणतात तो हाच. त्याचे मुख्य ठाणे दिल्लीस आहे, तो केंद्रीय गृहखात्याच्या अधिकाराखाली चालतो, आणि मुंबईस त्याची विभागीय कचेरी आहे.

ह्या ब्यूरोचे काम म्हणजे धाडी घालणे एवढेच आहे, असा चित्रपट पाहणाऱ्यांचा समज असतो. वस्तुतः त्याचे मूळ काम मेळ घालण्याचे आहे. सीमाशुल्क खाते, महसूल गुप्तवार्ता संचालनालय, राज्यांची पोलीस खाती, उत्पादनशुल्क खाते, तटरक्षक दल ही सारी आपापल्या परीने झटत असतात. पण एकास लागलेला धागा दुसऱ्यास ठाऊक नसला तर चोर मधल्या फटीतून निसटतो. ती फट बुजविणे, तसेच १९६१, १९७१ व १९८८ च्या आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे परदेशांशी संबंध राखणे, हे ब्यूरोकडे सोपविले आहे. २०१६ साली ह्या मेळासाठी एक समन्वय यंत्रणा उभारण्यात आली आणि २०१९ साली तिची चार पायऱ्यांवर पुनर्रचना झाली. तिची शेवटची पायरी जिल्ह्याची असून तेथे जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात. म्हणजे दिल्लीत सुरू झालेला धागा आपल्या कलेक्टर कचेरीपर्यंत येऊन पोहोचतो. पुढे तो आपल्या उंबऱ्याशी तुटतो; त्याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

ब्यूरोच्या हातून झालेली कामे लहान नाहीत. मे २०२३ मध्ये केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात नौदलाच्या साहाय्याने त्याने सुमारे २,५०० किलो मेथॅम्फेटामिन पकडले. पण समुद्र आपणांस दूर आहे, म्हणून जवळचे उदाहरण घेतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आंध्राकडून आलेल्या एका ट्रकमधून नांदेड जिल्ह्यात ब्यूरोने १,१२७ किलो गांजा जप्त केला, आणि त्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात एरंडोलजवळ सुमारे १,५०० किलो. आपल्या शहरातून जो कल्याणचा राष्ट्रीय महामार्ग जातो, तो पूर्वेस पाथर्डी-गेवराई-परभणीवरून नांदेडासच जातो. शिवाय पुण्याहून छत्रपती संभाजीनगरास आणि मनमाडहून सोलापुरास जाणारे रस्तेही येथेच एकमेकांस छेदतात. ज्या रस्त्यांनी आपला कांदा, दूध आणि साखर बाजारास जातात, त्याच रस्त्यांवरून हा मालही जावयाचा. वाहनाची पाटी वाचून आत काय आहे ते कळत नाही.

ह्याहून चिंतेची गोष्ट अशी की, अलीकडे विष दूरवरून आणण्याची गरजच राहिली नाही. गांजास शेत लागते, अफूस शेत लागते; पण मेफेड्रोन, ज्यास मुले 'एम.डी.' म्हणतात, त्यास केवळ एक शेड, काही रसायने आणि विज्ञान शिकलेला एक मनुष्य पुरे होतो. हा पदार्थ २०१५ पर्यंत कायद्याच्या यादीतच नव्हता. त्यामुळे पकडलेल्या माणसावर ह्या कायद्याखाली खटला भरता येत नसे. आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरून चोहोकडे दृष्टी टाका. भीमा ओलांडून श्रीगोंद्याच्या पलीकडे गेले की दौंड तालुका लागतो. तेथील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर पुणे पोलिसांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये धाड घातली, आणि त्या प्रकरणात पुणे व दिल्ली येथे मिळून १,५०० किलोहून अधिक मेफेड्रोन हाती लागले. शेवगावाहून गोदावरी ओलांडली की पैठण. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तवार्ता संचालनालय व अहमदाबादचे पोलीस ह्यांनी छत्रपती संभाजीनगर व पैठण भागात छापे घालून कोकेन, केटामिन व मेफेड्रोन जप्त केले. त्याच महिन्यात नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखाना मुंबई पोलिसांनी उघडकीस आणिला. तीन दिशांस तीन भट्ट्या, आणि मध्ये आपण! रसायनशास्त्राचा तास घेताना ह्या गोष्टीची आठवण झाली म्हणजे माझ्या हातातील परीक्षानळी क्षणभर थांबते. ज्या विद्येने औषध होते त्याच विद्येने हेही होते.

आता ब्यूरोविषयी जे अप्रिय आहे तेही लिहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईस एका प्रवासी जहाजावर जाणाऱ्या काही तरुणांस ब्यूरोने अटक केली. त्यांत एका प्रसिद्ध नटाचा मुलगा होता. देशातील सारी वर्तमानपत्रे महिनाभर त्याच वार्तेने भरून गेली. पुढे मे २०२२ मध्ये ब्यूरोच्याच विशेष पथकाने पुरेशा पुराव्याअभावी त्याच्यासह सहा जणांस आरोपपत्रातून वगळिले. त्या महिनाभरात नांदेडच्या ट्रकविषयी किती जणांनी वाचले असेल? प्रसिद्ध माणसाच्या मुलास पकडले की चित्रे छापून येतात. ट्रक पकडला की चार ओळी येतात. परंतु विक्रीची साखळी तुटते ती ट्रक पकडल्याने. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२० रोजी असाही निर्णय दिला की, ह्या कायद्याखालील तपासी अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरता येणार नाही. काही लोक म्हणाले, ह्याने गुन्हेगारांचे फावेल. मला तसे वाटत नाही. ज्या कायद्याखाली मोठ्या प्रमाणातील मालासाठी १० ते २० वर्षांची सक्तमजुरी होते, त्याचा पुरावा धमकीने मिळविलेला नसावा, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

ब्यूरो ज्या साली स्थापन झाला, त्याच १९८६ साली, २९ ऑगस्ट रोजी पुण्यास येरवड्यात आणखी एक संस्था जन्मास आली. मुंबई-पुण्याच्या तरुणांत तेव्हा 'गर्द' झपाट्याने पसरत होते. अनिल अवचट ह्यांनी त्या मुलांत हिंडून त्यांच्या कहाण्या लिहिल्या. त्या वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई ह्यांनी आर्थिक हातभार लाविला, आणि डॉ. अनिता अवचट ह्यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. एकाच वर्षी दिल्लीत विकणाऱ्यास पकडणारी संस्था निघाली आणि येरवड्यात पडलेल्यास उचलणारी. दोहोंपैकी पहिलीचे नाव प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक आहे. दुसरीचे किती पालकांस ठाऊक आहे, ह्याची मला शंका आहे.

हा दोष केवळ आपल्या गावाचा नव्हे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून देशभर पाहणी करविली, तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १६ कोटी लोक दारू घेणारे, ३ कोटींहून अधिक भांग-गांजा-चरस घेणारे आणि सव्वादोन कोटींच्या घरात अफूवर्गीय द्रव्ये घेणारे आढळले. आकडे मोठे आहेत; पण मला त्यांहून एक लहान आकडा अधिक बोचला. अमली द्रव्यांवर अवलंबून झालेल्या वीस जणांत एकासच काही उपचार मिळतो. दारूच्या बाबतीत तर अडतिसांत एकास! आणखी एक गोष्ट त्यात आहे. हुंगण्याच्या पदार्थांचे व्यसन हे एकच असे आहे की, ते प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले. त्यासाठी कोणी तस्कर लागत नाही. व्हाइटनरची बाटली किंवा पंक्चर काढण्याचे सोल्यूशन कोणत्याही दुकानात मिळते.

येथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगताना मला संकोच वाटतो, पण पालकांस धीर करावयास सांगून आपण मात्र झाकून ठेवणे बरे नव्हे. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यातील शाळेत नोकरीस होतो. आठवीतील एक मुलगा तासाला सारखा पेंगे, ओठांभोवती त्याच्या लाल चट्टे उठलेले असत, आणि रुमालास सोल्यूशनचा वास येई. एके दिवशी तो पकडला गेला. त्याचे वडील बाजारसमितीत हमाली करीत, त्यांस बोलाविले. त्यांनी आमच्यासमोर मुलाच्या मुस्कटात दिली, आणि मग आमच्या पाया पडले. शाळेचे नाव खराब होईल म्हणून त्यास दाखला देण्याचे ठरले. 'वर्तणूक' ह्या रकान्यात काय लिहावे असा प्रश्न निघाला, तेव्हा दुसऱ्या शाळेने त्यास घ्यावे म्हणून 'समाधानकारक' लिहा, असे मीच सुचविले. आपण फार दया केली असे आम्हां सर्वांस वाटले. तू हे कोणाकडून घेतोस, कोणासंगे घेतोस, केव्हापासून घेतोस, हे त्यास कोणी विचारले नाही. शाळेसमोरच्या ज्या दुकानातून त्याने ती नळी घेतली, त्या दुकानदारासही कोणी विचारले नाही. पुढच्या वर्षी त्याच वर्गातील आणखी दोघे सापडले. तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेलाच नाही. एकदा एस.टी. स्टँडवर रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या पोरांत तो मला दिसला. त्याने मला ओळखिले, आणि हातातील रुमाल पाठीमागे लपविला. शाळेने टाकलेल्या मुलास शाळामास्तराची अजून लाज वाटत होती. त्या लाजेचा उपयोग त्यास धरून ठेवण्यासाठी आम्हांस करिता आला नाही.

म्हणूनच मी म्हणतो की, ह्या धंद्याचा सर्वांत विश्वासू भागीदार म्हणजे आपली अब्रूची भीती होय. विकणाऱ्यास ठाऊक असते की, बाप पोलिसांकडे जाणार नाही, आई शेजारणीस सांगणार नाही, मास्तर दाखला देऊन मोकळा होईल. एवढे मौन त्यास फुकट मिळत असता त्याने आणखी दुसरे संरक्षण कशास शोधावे?

पालकांस कायद्याची भीती वाटते, तीही बरीचशी अज्ञानामुळे. कायद्याने विकणारा व सेवन करणारा ह्यांत भेद केलेला आहे. जो व्यसनी स्वतःच्या इच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, त्यास सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातील मालाच्या गुन्ह्याच्या खटल्यापासून १९८५ च्या कायद्याचे ६४-अ हे कलम संरक्षण देते. मात्र उपचार अर्धवट टाकिला तर ते संरक्षण काढून घेता येते. उलटपक्षी, मुलास मादक पदार्थ देणाऱ्यास किंवा त्याच्याकरवी तो पोहोचविणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचे ओझे कोणाच्या मानेवर अधिक आहे ते ह्यावरून दिसेल. बापाने दार लावून घेतले म्हणजे तो ओझे चुकविण्यास नेमकी त्या दुसऱ्या माणसास साहाय्य करितो.

मारझोडीने हे सुटते असेही पुष्कळांस वाटते. आपल्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीस अण्णा हजारे ह्यांनी १९७५ नंतर दारूच्या भट्ट्या बंद करविल्या, तंबाखू-विडीची विक्री थांबविली, आणि गावातील तो माल होळीत जाळला. हे जिल्ह्यास भूषणावह आहे. परंतु त्या प्रारंभीच्या काळात दारुड्यांस खांबास बांधून मारण्यात आले, हे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे. त्याचे समर्थन माझ्याने होत नाही. राळेगणचे गाव सुधारले ते भट्ट्या मोडल्या, पाणी अडविले, हातांस काम दिले आणि सारे गाव एका विचाराचे झाले म्हणून. खांबामुळे नव्हे, असे माझे मत आहे. हिवरेबाजारास १९९० च्या सुमारापासून पोपटराव पवार ह्यांच्या पुढारपणाखाली नशाबंदी हा गावच्या नियमांतील एक नियम होऊन बसला, तेथे कोणास बांधावे लागल्याचे माझ्या ऐकिवात नाही. गावाने मिळून पाळिलेला नियम लाजेचा विषय राहत नाही, हाच त्यातला लाभ.

आता विद्यार्थिमित्रांशी थोडे. तुमच्यात 'चहाडी' नावाचा एक शब्द आहे, आणि तुम्ही त्यास फार भिता. ती भीती मी उपहासाने घेत नाही. मित्राने गृहपाठ केला नाही हे गुरुजींच्या कानी घालणे ही चहाडी आहे, आणि ती करू नये. पण मित्र विहिरीत पडला असता काठावर उभे राहून 'मी चहाडी करणार नाही' असे म्हणणारा मुलगा कोणास आवडेल? भेद ओळखण्याची सोपी खूण सांगतो. सांगितल्याने मित्रास केवळ शिक्षा व्हावयाची असेल तर ती चहाडी. त्याचा जीव वाचावयाचा असेल तर ती हाक. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिली पुडी कोणी तोंडावर मुखवटा घातलेला अनोळखी मनुष्य देत नाही; ती बहुधा ओळखीचाच कोणी देतो, फुकट देतो, आणि 'एकदा घेतल्याने काय होते' असे म्हणतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसही कदाचित तो पैसे मागत नाही. पैसे पुढे लागतात. आणि ते नसले म्हणजे तोच सांगतो की, एवढी पुडी अमक्याला नेऊन दे. ह्याप्रमाणे घेणारा मुलगा एका संध्याकाळी नेणारा होतो, आणि त्यास ते कळतही नाही.

माताभगिनींस एकच गोष्ट सुचवितो. खोकल्याचे कोडीनयुक्त औषध व झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, आणि अशा विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने वहीत करावी, असा २०१४ पासून नियम आहे. घरातील अशा गोळ्यांची मोजदाद आपणही ठेवावी. मुलाचे मित्र कोण, ह्या प्रश्नापेक्षा मुलाचे कोणते मित्र अलीकडे घरी येईनासे झाले, हा प्रश्न अधिक उपयोगी असतो, असा माझा अनुभव आहे.

कार्य काय करावे, ह्याविषयी मोठ्या योजना मजजवळ नाहीत. ब्यूरो व बालहक्क संरक्षण आयोग ह्यांनी मिळून २०२१ साली शाळांसाठी एक कृतियोजना आखली, तीत शाळाशाळांतून मुलांची 'प्रहरी' मंडळे काढावी असे म्हटले आहे. मंडळे काढावीत, परंतु त्यांतून हेर निर्माण न होता सोबती निर्माण व्हावेत एवढी काळजी घ्यावी लागेल. शाळेच्या आवारापासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. एखाद्या सायंकाळी चार पालकांनी दोरी घेऊन फाटकापासून ते अंतर मोजावे आणि वाटेत किती टपऱ्या लागतात ते पाहावे. दोन क्रमांकही पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत: व्यसन सोडविण्यासाठी सल्ला देणारा १४४४६, आणि जुलै २०२४ मध्ये सुरू झालेला १९३३, ज्यावर विक्रीविषयीची माहिती आपले नाव गुप्त राखून देता येते. कचेरीच्या भिंतीवर नको. तेथे मुले शिक्षा भोगावयास येतात. पाणी प्यावयास सारेच जातात.

आणि एक ठराव. जो विद्यार्थी आपण होऊन, किंवा आईबापांचा हात धरून, शिक्षकांकडे येईल आणि उपचार घेईल, त्याचे नाव ह्या कारणास्तव पटावरून कमी होणार नाही. तो परत येईपर्यंत त्याची वर्गातील जागा राखून ठेविली जाईल. हा ठराव मी जूनमधील पालकसभेपुढे मांडणार आहे. काही पालकांस तो पसंत पडणार नाही हे मला ठाऊक आहे. 'आमच्या मुलांशेजारी तसला मुलगा बसवावयाचा काय?' असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, आणि त्यास तोंड देण्याची माझी तयारी आहे. विरोध असणाऱ्यांनी तर त्या दिवशी अवश्य यावे.